मातीचे लहान धरण आणि त्याची राखण

धरण हा शब्द कानी पडला म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे अवाढव्य दगडी भिंत, तिच्यामागे पसरलेला निळा जलाशय आणि दारे उघडताच फेसाळत कोसळणारे पाणी असे चित्र उभे राहते. भंडारदरा किंवा भाटघर पाहून आलेल्या गृहस्थास तर दुसरे काही सुचणेच कठीण. परंतु आजच्या भाषणाचा विषय झालेले धरण या थाटाचे नाही. ते मातीचे आहे. त्याची उंची साधारणतः २० ते ६० फूट. त्याच्या अंगावर गवत वाढलेले असते, त्याला उघडझाप करावयाचे दार नसते, दारावर बसणारा पहारेकरी नसतो, आणि वर्षातील बहुतेक दिवस त्याच्यामागे एखाद्या गावतळ्याइतकेच पाणी असते. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसास तो एक गवताळ उंचवटाच वाटावा. त्याचे काम एवढेच की, अतिवृष्टी झाली असता ओढ्याचा लोंढा काही काळ अडवून धरावा आणि मग तो खालच्या खोऱ्यास सोसेल अशा बेताने सोडून द्यावा.

असे धरण कितपत सुरक्षित असते, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनियर लोकांचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर तो धरणाखाली राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे असे दिसून येईल. कारण दगडी धरण पुष्कळ अंशी स्वतःच्या वजनावर उभे राहते. मातीचे धरण मात्र माणसाच्या लक्षावर उभे असते. ते लक्ष उडाले की धरण लगेच पडत नाही. वीस-तीस वर्षे ते निमूटपणे उभे राहते. आणि म्हणूनच ते दुर्लक्ष कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशा लहान धरणांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला, आणि त्याची सुरुवात ओक्लाहोमा संस्थानातील वॉशिटा नदीच्या खोऱ्यात झाली. या खोऱ्याच्या पश्चिम भागात १८९२ साली वसाहतीसाठी जमिनी खुल्या करण्यात आल्या. नव्याने आलेल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके वाढलेले गवत नांगरून गहू व कापूस पेरला. गवताची मुळे निघाली तेव्हा मातीस धरून ठेवणारे कोणी उरले नाही. कोरड्या वर्षी ती वाऱ्याबरोबर उडू लागली आणि पावसाळी वर्षी पाण्याबरोबर वाहू लागली. एप्रिल १९३४ मध्ये हॅमन नावाच्या गावापाशी वॉशिटाला एकाएकी पूर आला आणि त्यात १७ माणसे प्राणास मुकली. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, तेथील मध्यवर्ती सरकारने मृदासंरक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण केले. १९४४ च्या कायद्याने वॉशिटासह अकरा खोऱ्यांत पूरनिवारणाची कामे मंजूर झाली. आणि १९४८ साली कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर या योजनेतील पहिले मातीचे धरण उभे राहिले. १९५४ साली याच धर्तीचा दुसरा कायदा होऊन ही योजना सर्व देशास लागू झाली. आज अशा धरणांची संख्या ११,८०० हून अधिक असून ती ४७ संस्थानांत विखुरलेली आहेत. त्यांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत.

या धरणाची रचना मोठी सुटसुटीत आहे. ओढ्याच्या आडवा मातीचा भराव घालतात. भरावाच्या मागे, पाण्यात, काँक्रीटचा एक उभा चौकोनी मनोरा असतो. पाणी मनोऱ्याच्या काठापर्यंत चढले की आपोआप आत पडते आणि धरणाच्या पोटातून नेलेल्या नळाने खालच्या ओढ्यात जाते. नळ मुद्दामच लहान ठेवलेला असतो. त्यामुळे लोंढा कितीही मोठा आला तरी खाली जाणारे पाणी मोजकेच राहते, आणि काही तासांत आलेला पूर साधारण दहा दिवसांत सावकाश निघून जातो. मनोऱ्याच्या काठाखालचा भाग ओढ्याबरोबर येणारा गाळ साठविण्यासाठी असतो. पुष्कळ धरणे ५० वर्षांचा गाळ मावेल अशा हिशेबाने बांधलेली आहेत. अपेक्षेबाहेर मोठा पाऊस झालाच तर त्यासाठी धरणाच्या एका टोकाला, मूळच्या जमिनीत खोदलेला, रुंद व गवताळ सांडवा असतो. धरणाच्या माथ्यावर पाणी चढण्यापूर्वी ते या सांडव्याने बाजूने निघून जावे, अशी ही योजना.

धरणाच्या माथ्यावर पाणी चढू नये, याला एवढे महत्त्व का, ते समजून घ्यावयाचे असेल तर ओढ्यात खेळणाऱ्या मुलांकडे पाहावे. मुले वाळूमातीचा बांध घालतात, पाणी तुंबते, मुले हरखतात. मग पाणी बांधाच्या माथ्यावरून एके ठिकाणी धारेने पलीकडे जाऊ लागते. ती धार पहिल्या क्षणी करंगळीएवढी असते. पण ती पलीकडच्या उतारावरील माती घेऊन जाते, खाच खोल होते, खाच खोल झाल्याने धार मोठी होते, आणि हातातील खेळ टाकून मुले धावून येईपर्यंत बांध वाहून गेलेला असतो. कधी असेही होते की, माथा शाबूत असतो, पण बांधाच्या पायाशी एक बारीक झरा फुटतो; तो माती ओढीत ओढीत मागे सरकतो आणि बांध आतून पोकळ होऊन बसतो. मातीच्या धरणाला येणारे मरण बहुतेक या दोन वाटांनीच येते. जगातील मोठ्या मातीच्या धरणांपैकी १९८६ पर्यंत जी फुटली त्यांचा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आहे. त्यात सुमारे निम्मी पाणी माथ्यावरून गेल्यामुळे अथवा सांडवा व दारे यांच्या दोषामुळे, आणि जवळजवळ तितकीच आतून पोखरली गेल्यामुळे फुटलेली आढळली. उतार घसरून पडलेली शेकडा पाच-सहाच होती.

पहिल्या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेन्सिल्व्हेनियातील जॉन्सटाउन शहराचे. शहराच्या १४ मैल वर साउथ फोर्क नावाचे ७२ फूट उंचीचे मातीचे धरण होते. मूळ ते कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधलेले. कालव्याचा उपयोग संपल्यावर ते हातोहात विकले गेले आणि शेवटी धनिक लोकांच्या एका विहारमंडळाच्या ताब्यात आले. तळाचे पाणी सोडावयाचे लोखंडी नळ त्यापूर्वीच काढून विकलेले होते. धरणावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरविण्यात आला. तळ्यातील मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसविण्यात आल्या. यांपैकी एकही गोष्ट कोणी दुष्ट हेतूने केली नव्हती. प्रत्येकीस घरगुती सोयीचे कारण होते. परंतु ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पाऊस झाला तेव्हा त्या सर्व सोयी एकत्र आल्या. नळ नव्हते, सांडवा काटक्याकुटक्यांनी तुंबला होता, आणि माथा उतरलेला होता. पाणी वरून गेले, धरण फुटले आणि २,२०९ माणसे मरण पावली.

दुसऱ्या प्रकारच्या नाशाचे उदाहरण आयडाहो संस्थानातील टीटन धरणाचे. हे ३०५ फूट उंच, म्हणजे आपल्या विषयाच्या मानाने फारच थोर. परंतु पाझराचा मार्ग लहानथोर ओळखत नाही. ५ जून १९७६ रोजी, धरण प्रथमच भरत असता, सकाळी सातच्या सुमारास त्याच्या उतारापाशी गढूळ पाणी वाहताना आढळले. छिद्र बुजविण्यासाठी माती लोटणारी दोन यंत्रे पाठविली, तीच त्यात गडप झाली. दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटले होते. पाझर दिसल्यापासून धरण जाईपर्यंत मध्ये पाच तासच गेले. अकरा माणसे दगावली. दिवसाची वेळ नसती आणि खाली इशारा गेला नसता तर ही संख्या पुष्कळच वाढली असती.

लहान धरणांच्या बाबतीत तर मातीची जातही दगा देऊ शकते. ओक्लाहोमा व मिसिसिपी येथील काही धरणांत भराव उत्तम दाबलेला असूनही पहिल्याच पाण्यात भगदाडे पडली. शोधाअंती असे निष्पन्न झाले की, काही चिकण माती सोडियम क्षारामुळे स्वभावतःच फुटीर असते. पाण्याने ढकलण्याची वाट न पाहता तिचे कण आपोआप सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात. हिची ओळख पटविण्याची एक सोपी रीत घरातही करून पाहता येते. शुद्ध पाण्याच्या पेल्यात मातीचे लहानसे ढेकूळ अलगद सोडावे व न ढवळता ठेवावे. ढेकूळ विरून तळाशी ढीग होऊन बसले आणि पाणी निर्मळ राहिले तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती धरणास घातक. १९७६ साली शेरार्ड व त्यांचे सहकारी यांनी याहून नेमकी परीक्षा प्रसिद्ध केली. तीत दाबलेल्या मातीस एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून पाणी सोडतात आणि पाणी गढूळ होते काय व भोक वाढते काय ते पाहतात. अशी माती आढळल्यास तीत चुना मिसळावा, अथवा धरणाच्या आत वाळूचा गाळणा घालावा, म्हणजे पाणी निघून जाते व माती मागे राहते.

आपल्या महाराष्ट्रास हा धडा पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण, बांधकाम पुरे झालेले नसता, पहिल्याच भरतीत फुटले. आदल्या रात्री लष्करी जवान खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचीत होते. त्या पाण्याने खडकवासल्याचे जुने दगडी धरणही नेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ते धरण मोठे होते म्हणून त्याची आठवण राहिली. परंतु २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले, ते लहान होते. वीसच्या आसपास माणसे झोपेत असताना वाहून गेली. धरण गळत असल्याचे गावकऱ्यांनी आधीच कळविले होते, असे त्यानंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. खेकड्यांनी धरण पोखरले असेही त्या वेळी एक विधान झाले आणि त्याची महाराष्ट्रभर थट्टा झाली. या थट्टेत एक गोष्ट मात्र हरवली. तिवऱ्यास काय घडले हा प्रश्न वेगळा. पण बिळे करणारे प्राणी मातीच्या धरणाचे खरोखरच वैरी आहेत, हे जगभर मान्य झालेले आहे. अमेरिकेत त्यांच्या बंदोबस्ताची स्वतंत्र पुस्तके आहेत. म्हणून बीळ कोणी केले यापेक्षा ते किती दिवस कोणाच्याच दृष्टीस कसे पडले नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. जनावर जनावराप्रमाणेच वागणार. पाहणी करणे हे माणसाचे काम आहे.

ही धरणे पाटबंधाऱ्यासाठी होती, पूर अडविण्यासाठी नव्हती, हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. पूर अडविणाऱ्या धरणास आणखी एक निराळी व्याधी जडते, आणि ती त्याच्या सद्गुणातूनच उत्पन्न होते. पाटबंधाऱ्याच्या धरणाची आठवण शेतकऱ्यास दर पाळीला होते. पूर अडविणारे धरण मात्र यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही. ओढा पात्राबाहेर येत नाही, शेत बुडत नाही, पूल वाहून जात नाही. एक पिढी अशी गेली की, या ओढ्याला कधी पूर येत असे हेच लोक विसरतात. मग ओढ्याकाठची सपाट जागा घरांसाठी फार सोयीची वाटू लागते. प्रथम एक घर येते, मग रस्ता, मग शाळा, मग वस्ती. ज्या धरणाच्या फुटण्याने पूर्वी दोन कुरणे व एक कुंपण बुडाले असते, त्याच धरणाखाली आता शंभर कुटुंबे निजत असतात. धरणात काहीच बदल झालेला नाही. त्याच्यावरील जोखीम मात्र कित्येक पटींनी वाढलेली असते. अमेरिकेत धरणांची वर्गवारी त्यांच्या उंचीवरून नव्हे, तर ते फुटले असता खाली काय बुडेल यावरून करतात. शेतांपुरत्या हिशेबाने बांधलेली पुष्कळ धरणे खाली वस्ती आल्यामुळे वरच्या, अधिक धोक्याच्या वर्गात गेली आहेत. त्यांचे सांडवे मात्र जुन्याच मापाचे आहेत. ५० वर्षांची मुदत संपत आली, काही ठिकाणचे लोखंडी नळ गंजले, गाळ भरत चालला. म्हणून २००० साली तेथे स्वतंत्र कायदा होऊन जुन्या धरणांच्या दुरुस्तीस मध्यवर्ती सरकारने खर्चाचे शेकडा ६५ द्यावेत असे ठरले. बाकीचा भार स्थानिक मंडळांनी उचलावयाचा. कारण ही धरणे सरकारच्या मदतीने झाली तरी त्यांच्या देखभालीची जबाबदारी त्या त्या जागच्या लोकांचीच आहे.

आता देखभाल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास हवे. तिला यंत्रे फारशी लागत नाहीत. दोन पाय, दोन डोळे आणि एक वही पुरे. माथ्यावरून चालत जावे आणि तो सरळ आहे की कोठे खोलगट झाला आहे ते पाहावे. कारण पाणी आधी तेथूनच जाणार. उतारावर झाडे वाढू देऊ नयेत. झाडाची सावली कितीही आल्हाददायक असली तरी ते मेल्यावर त्याची मुळे कुजतात आणि धरणात नळीसारख्या वाटा तयार होतात. गवत मात्र दाट असावे, व ते कापलेले असावे. वाढलेल्या गवतात बीळही दिसत नाही व ओलही दिसत नाही. गुरांच्या पायवाटा पडल्या असतील तर त्या बुजवाव्यात, कारण पावसाचे पाणी त्याच वाटेने घळी पाडते. मनोऱ्याच्या तोंडची जाळी ओंडके व पालापाचोळा यांनी तुंबलेली नसावी. सांडव्यात कोणी कुंपण, गोठा किंवा गंजी घातलेली नसावी.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायथ्याची. मातीचे धरण थोडेफार पाझरणारच. पाझर दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रश्न पाण्याच्या रंगाचा असतो. पाझर निवळ असेल व वर्षानुवर्षे तेवढाच राहत असेल तर त्याची वहीत नोंद ठेवावी. पाझर वाढत असेल तर कळवावे. आणि पाणी गढूळ येऊ लागले, किंवा पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, तर धरणाची माती आतून निघून चालली असे समजावे. मग वहीचे काम संपले. खालच्या वस्तीतील माणसे आधी उठवावीत आणि चौकशी मागाहून करावी. धरणावर जो पाहणीस जातो त्याला हा अधिकार आधीच दिलेला असावा. मध्यरात्री वरिष्ठांची परवानगी शोधीत बसण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

आपल्या देशात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. त्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी करणे बंधनकारक केले, ही मोठीच सुधारणा होय. परंतु हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरांमधील ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या धरणांना लागू आहे. १० मीटरांच्या आतील बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांत गावोगावी जे मातीचे पाझर तलाव झाले, त्यांतील पुष्कळ अशाच उंचीचे आहेत. त्यांच्या मातीनेही पन्नाशी गाठली आहे. कायद्याची दृष्टी जेथपर्यंत पोचत नाही तेथे गावाची दृष्टी पोचली पाहिजे, याहून निराळा उपाय तूर्त दिसत नाही.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांना हे सर्व दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु आज शहरेच ओढ्यांच्या काठाने वर वर सरकत आहेत. बंगल्यासाठी जागा पाहावयास गेलेला गृहस्थ नळाचे पाणी, वीज आणि स्टेशनचे अंतर यांची कसून चौकशी करतो. त्याने ओढ्याच्या वरच्या अंगास काय आहे, तेथे मातीचा बांध आहे काय, असल्यास तो कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याची शेवटची पाहणी कोणत्या साली झाली, एवढे चार प्रश्न आणखी विचारावेत. उत्तर देणारा सापडला नाही तर तेही एक उत्तरच समजावे आणि ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे, पाटबंधारे खात्याकडे लेखी विचारणा करावी. असे पत्र लिहिण्यास एक कार्ड व पाव तास पुरतो. आणि ते पावसाळ्याआधी, म्हणजे वैशाखातच, टाकलेले बरे.